तीन बरण्यांतला एकच जीव

४ फेब्रुवारी, जहाजावरून

चिंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार, हे मला पक्कं माहीत आहे. फाड. पण त्याआधी एवढं वाच: तुझा प्राणी मी आज बघितला. जिवंत. अख्खा. तो एकच आहे, तीन नाहीत.

आता फाडायचं तर फाड.

अजून हातात असेल तर पुढचं सांगतो. सकाळी म्हैस खाली सोडली होती. म्हैस म्हणजे तेच, केबलला बांधलेलं आपलं पिवळं यंत्र. कॅमेरे आणि दिवे नवे बसवलेत, पंखे जुनेच आहेत आणि तसेच कुरकुरतात. तू म्हणायचीस ना, दादा यंत्राला समुद्रात ढकलतो आणि स्वतः वर खुर्चीत बसून दोरी हलवतो. अजूनही तेच करतो, फक्त आता बसून बसून कंबर धरते. तर तळाचा गाळ गोळा करून वर येत होतो. अकराशे चाळीस मीटरवर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढुरकं हललं. मला आधी वाटलं, प्लास्टिकची पिशवी. हल्ली तिथेही पिशव्या सापडतात, काय सांगू तुला.

पिशवी नव्हती. माझा हात आपोआप पंख्यांच्या दांड्याकडे गेला, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. शेजारी नोंदी लिहिणाऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांना वाटलं मला काही होतंय. सगळे पंखे बंद केले, दिवे लाल करून अगदी बारीक केले आणि म्हशीला नुसतं तरंगू दिलं. साडेचार मिनिटं.

वरती ती काचेसारखी टोपी, जाळ्यात आलेले तुकडे ठेवलेल्या तुझ्या तीन बरण्यांपैकी पहिलीतली. बरणीत ती चुरगळून पडलीय. इथे ती ताठ होती, गोल, आणि इतकी स्वच्छ की तिच्या आरपार पलीकडचे कण दिसत होते. तिच्याखाली दुसऱ्या बरणीतली झालर. बरणीत ती चहाच्या चोथ्यासारखी झालीय ना? ती मुळात गर्द जांभळी आहे, चिंगे. मिटत होती, उघडत होती, कसलीही घाई नसल्यासारखी. आणि खाली तिसऱ्या बरणीतले दोरे, गाठी गाठींचे, नऊ-दहा हात लांब. मोठे दिवे होते तोवर ते सगळे दोरे त्याने झालरीत ओढून घेतले होते. दिवे मंद केल्यावर एकेक करून खाली सोडले, विहिरीत बादली सोडतात तसे. एक दोरा मध्येच तुटलेला होता आणि तिथून नवा फुटत होता. म्हणजे तुटलेलं त्याला परत येतं. हे तुझ्या प्रबंधात नव्हतं, म्हटलं कळवावं.

तुझी फार आठवण आली, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू? रेकॉर्डिंगचा दिवा लागलाय का तेच आधी दोनदा बघितलं.

या वेळी सगळं रेकॉर्ड झालंय. आता खाली जाताना, वर येताना, सगळंच होतं. डिस्क स्वस्त झाल्या. आपल्या वेळी म्हैस वर यायला लागली की रेकॉर्डिंग बंद करायची पद्धत होती, ‘वर येताना काय बघायचंय’ म्हणून. ती पद्धत नसती तर अकरा वर्षांपूर्वी तुझ्यावर कोणी हसलं नसतं. त्या दिवशी तुला पडद्यावर जे दिसलं ते मला दिसलं नाही, माझं लक्ष केबलच्या ताणाच्या काट्यावर होतं. ते तर तुला माहीतच आहे.

बंदराला लागलो की पत्र पेटीत टाकतो. तुझा पत्ता मावशीकडून काढून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच फार मागे लागलो होतो.

दादा


८ फेब्रुवारी, जहाजावरून

चिंगे,

पहिलं पत्र अजून माझ्याच बॅगेत आहे आणि मी दुसरं लिहायला बसलोय. बघ, म्हातारा होत चाललाय तुझा भाऊ.

साहेबांनी ती फिल्म नऊ वेळा बघितली. मी मोजलं. साहेब तेच, अजून निवृत्त झालेले नाहीत, केस काळे करतात. तीनपैकी दोन बरण्यांतल्या तुकड्यांना स्वतंत्र प्राणी म्हणून नावं त्यांनीच दिलेली. आणि तू पंचविशीतली पोरगी भर बैठकीत उठून म्हणालीस, साहेब, हे तीन प्राणी नाहीत, जाळ्यात फाटलेल्या एकाच प्राण्याचे तीन तुकडे आहेत. तेव्हा त्यांच्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या मला अजून आठवतात. तर नवव्यांदा बघून झाल्यावर हा माणूस म्हणतो कसा, “मला ही शंका पहिल्यापासून होती.” मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो आणि कठडा धरून हसलो. एकटाच. मग एकटं हसणं बरं वाटेना, तेव्हा आत आलो.

आत नोंदी लिहिणाऱ्या बाई अहवालाचा फॉर्म भरत होत्या. त्यात एक चौकट असते, ‘सर्वप्रथम जिवंत पाहणारी व्यक्ती’. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं नाव लिहा आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची टाका. बाई साहेबांकडे बघायला लागल्या. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता. त्यांनी शांतपणे संगणकावर जुनी नोंदवही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझंच अक्षर. ‘वर येताना उल्लेखनीय काही नाही.’ खाली माझी सही, चांगलं लांब शेपूट ओढून केलेली. नुकताच मुख्य पायलट झालो होतो ना.

“खोलीत तुम्ही दोघंच होतात,” साहेब म्हणाले. “ती म्हणाली दिसलं. तू लिहून दिलंस, काही नव्हतं. मी कोणाचं धरायला हवं होतं?”

चिंगे, मला दिसलं होतं.

हे एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं आणि आजची अख्खी दुपार लागली. काट्यावर वगैरे लक्ष नव्हतं. तू “दादा, दादा, बघ” म्हणून माझा दंड धरलास त्याच्या आधीच मला ते दिसलं होतं. टोपी, झालर, दोरे, सगळं. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. अगदी निर्धास्तपणे बघितलंस, की दादा होता ना, तो सांगेल. आणि मी मान खाली घालून म्हणालो, माझं लक्ष नव्हतं.

का म्हणालो ते आज लिहवत नाही.

दादा


१५ फेब्रुवारी, बंदरावरून

चिंगे,

दोन्ही पत्रं सकाळी पेटीत टाकली आणि लगेच पेटीत हात घालून परत काढता येतात का ते बघितलं. येत नाहीत. म्हणून आता राहिलेलं सांगतो, म्हणजे अर्धवट नको.

पाण्यात ब्रेक नसतो. म्हैस थांबवायची तर पंखे उलटे फिरवावे लागतात, आणि आम्हा पायलट लोकांचा हात ते डोक्याला न विचारता करतो. त्या दिवशी आपण जोरात वर येत होतो. मऊ जीव असतात त्या पट्ट्यातून सावकाश यायचा नियम आहे. मी पूर्ण जोर दिला होता, कारण पाच तास बसून माझे पाय आखडले होते आणि मला चहा हवा होता. एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी कारण सापडावं म्हणून मी पुष्कळ शोधलं, सापडत नाही. ते दिसलं आणि मला ते नीट बघायचं होतं, कदाचित तुझ्यापेक्षाही जास्त. मी पंखे उलटे मारले. वर येताना उलटा पंखा खालचं पाणी ओढून घेतो, आणि तोवर आपण त्याच्या वर आलो होतो. तुला ते दोन सेकंद दिसलं आणि मग पडदा नुसता गढूळ झाला. तू म्हणालीस, पळालं. ते पळालं नाही गं. ते पंख्यात गेलं.

अजून आहे.

म्हैस वर आली तेव्हा पंख्याच्या जाळीला जांभळा तुकडा लटकत होता, तळहाताएवढा, आणि त्याला टोपीची काच चिकटलेली होती. चिकटलेली म्हणजे जोडलेलीच. दुसरी बरणी आणि पहिली बरणी, एकाच तुकड्यात. तू तेव्हा खाली साहेबांशी भांडत होतीस, तुझा आवाज वरपर्यंत येत होता. म्हैस वर आली की आधी तिला गोड्या पाण्याने धुवायचं, हा तर नियमच. मी पाइप हातात घेतला यात कोणाला काय वावगं वाटणार? जाळी स्वच्छ होईपर्यंत मी पाइप धरून उभा होतो. मग तू धावत डेकवर आलीस. “दादा, पंख्यात काही अडकलंय का बघ ना, एखादा तुकडा तरी.” आणि गुडघ्यांवर बसून जाळीत बोटं घालून शोधायला लागलीस. ते पाणी तुझ्या चपलांखालून वाहत होतं. मी तुला टॉवेल आणून दिला.

तो तुकडा बरणीत गेला असता तर रेकॉर्डिंगची गरजच नव्हती. हे मला धुताना कळत होतं. मला तू अडाणी समजू नकोस, तुझा प्रबंध मी दोनदा वाचला होता.

नोकरी जाईल ही भीती होती, खरंय. पण तेवढंच नव्हतं. जहाजावर तुला सगळे बाई म्हणायचे आणि मला ‘बाईंचा भाऊ’. तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, सायकल तुला मी शिकवली, आणि मी बाईंचा भाऊ. साहेब सगळ्यांदेखत तुला म्हणाले, “पडद्याकडे तासन् तास बघत बसलं की ठिपक्यांचे हत्ती दिसायला लागतात.” सगळे हसले आणि मला जरासं बरं वाटलं. त्याची मला आज इतकी लाज वाटते की हे लिहिताना शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्याकडे बघतोय.

हे सगळं मी काल साहेबांना लिहून दिलं. तीन पानं, प्रत्येक पानावर सही. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “तेव्हा लिहिलंस ‘नव्हतं’, आता लिहितोस ‘होतं’. तुझी कुठली सही खरी मानू?” मी तिन्ही पानं पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. मग त्यांनी ती फाइलला लावून घेतली. माणूस अगदीच वाईट नाही, चिंगे, किंवा आता म्हातारा झालाय. म्हणाले, कार्यालयाकडून तुला रीतसर विचारतो. त्या दिवशी काय पाहिलं ते तू चार ओळींत लिहून सही केलीस तर चौकटीत तुझं नाव. ते स्वतः दिलेली दोन्ही नावं मागे घेतील आणि तुझा नामंजूर झालेला प्रबंध पुन्हा समितीपुढे ठेवतील.

चार ओळी लिही. माझ्याशी बोलू नकोस, मला माफबिफ करायचं काही कारण नाही, ते बाजूला ठेव. फक्त दिसलं होतं एवढं लिही. तुला दिसलं होतं.

दादा


३ मार्च, घरून

चिंगे,

मला घरी बसवलंय, माझ्या त्या तीन पानांची चौकशी होईपर्यंत. कपाटं आवरून झाली, नळाचे वॉशर बदलून झाले, आता तुझी वहिनी मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

तिलाही सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, “अकरा वर्षं मी तिला शिष्ट समजत होते. आई गेल्या तेव्हा आली आणि पाणीही न पिता निघून गेली, म्हणून किती नावं ठेवली मी. तुम्ही समोर बसून ऐकत होतात.” बसून ऐकत होतो, खरंय. एकदोनदा मान पण डोलावली असेन.

कार्यालयाचं पत्र तुला मिळालंय. पोचपावतीवरची तुझी सही मी तिथे जाऊन बघून आलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, काय काम आहे. पंधरा दिवसांनी तुझं अक्षर बघायला गेलो होतो, असं कसं सांगणार? पंधरा कसले, अकरा वर्षांनी.

मावशीला फोन केला होता. म्हणाली, तू एका तपासणी केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघतेस, दिवसाला दीडशे-दोनशे. काम चोख आहे म्हणाली. इतकं चोख की प्रत्येक काच दुसऱ्या कोणाला तरी दाखवल्याशिवाय तू निकालावर सही करत नाहीस. तसा नियम नाही, तिथले लोक चेष्टा करतात, तरी तू काच घेऊन शेजारच्या टेबलाशी जातेस आणि विचारतेस, तुम्हालाही हेच दिसतंय ना? मावशीने हे कौतुकाने सांगितलं, पोरगी किती काळजी घेते म्हणून. मी फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही.

परवा बॅग भरून स्टँडवर गेलो होतो, तुझ्याकडे यायला. दारातून निघताना वहिनीने एवढंच विचारलं, “तिने बोलावलंय का?” तिकिटाच्या रांगेत माझा नंबर येईपर्यंत तेच कानात. नंबर आला तेव्हा मागच्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. घरी आलो.

उत्तराचं पाकीट त्यांनी जोडलेलंच आहे, वर पत्ता छापलाय. तुला फक्त लिहून आत घालायचंय. दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस, विचारू नकोस. ज्याला विचारायचं असतं तो शेजारी बसलेला माणूस सांगतोय, मलाही तेच दिसलं होतं.

दादा


२१ मार्च, घरून

चिंगे,

तुझं उत्तर आलं. मला नाही, कार्यालयाला. साहेबांनी बोलावून घेतलं आणि कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा विसरलो होतो, त्यांनी स्वतःचा काढून दिला. तुलाच तुझं पत्र परत काय वाचून दाखवू, पण मला ते पाठ झालंय.

‘त्या दिवशी पडद्यावर एक प्राणी दिसल्याचं मी म्हटलं होतं. तो खरोखर दिसला होता याची मला आज खात्री देता येत नाही. त्या वेळी शेजारी बसलेल्या अनुभवी व्यक्तीस काही दिसलं नव्हतं. माझा दावा मी मागे घेत आहे. माझं नाव कुठेही घालू नये आणि यापुढे मला याविषयी विचारू नये.’

अनुभवी व्यक्ती.

माझी पत्रं वाचून हे लिहिलंस की न वाचता, एवढं मला कळायला हवं होतं. वाचून लिहिलं असशील तर तो राग आहे. तो मी घेईन, उभा राहून घेईन, जन्मभर काढ. पण न वाचता लिहिलं असशील, तर तुला खरंच वाटतं की त्या दिवशी तिथे काही नव्हतं. किंवा वाचूनसुद्धा तसंच वाटत असेल. मी हे तुला विचारू शकत नाही, कारण तू विचारू नका म्हणून लिहिलंयस.

कागदाच्या खाली कार्यालयाने माझ्यासाठी जागा सोडली होती. सहमत किंवा असहमत, आणि सही. साहेबांनी समजावून सांगितलं. असहमत लिहिलं तर चौकशी पुढे चालणार, तुला इथे बोलावणार, आपण दोघं समोरासमोर. “ती म्हणेल दिसलं नाही, तू म्हणशील दिसलं,” साहेब म्हणाले. सहमत लिहिलं तर जुनी नोंद खरी, माझी तीन पानं रद्द, फाइल बंद.

मी पेन हातात घेतलं. बाई पाणी ठेवून गेल्या. मला ती खोली दिसत होती. साहेब मध्ये, तू एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि पुन्हा कोणीतरी तुला विचारतंय, नक्की काय दिसलं होतं, नीट आठवून सांगा. पुन्हा तुझ्या शब्दाविरुद्ध माझा शब्द, आणि या वेळी मी खरं बोलत असणार. त्यांनी तुला खोटं पाडलं असतं, किंवा मला. कसंही झालं तरी तू जाळीत बोटं घालून शोधत बसली असतीस. आणि तू एकच गोष्ट मागितली होतीस, की मला यातून सोडा. तीही माझ्याकडे मागितली नव्हतीस.

सहमत लिहिलं. सही केली. शेपूट ओढलं नाही.

साहेब म्हणाले, मग चौकशी संपली, सोमवारपासून कामावर ये. बाईंनी तो जुना फॉर्म पुढे घेतला. मी म्हटलं, ती चौकट रिकामी ठेवा. रिकामी चालत नाही म्हणाल्या. आधीची नोंद नसेल तर फिल्मच्या दिवशी पंख्यांवर जो असेल त्याचं नाव लागतं. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, नको म्हणायची सोय नाही हो, फॉर्म पुढे जात नाही. ४ फेब्रुवारी, अकराशे चाळीस मीटर, आणि पुढे माझं नाव, स्वच्छ अक्षरात. हे तुला मावशीकडून कळू नये म्हणून मीच कळवतोय.

साहेबांनी उठून हात पुढे केला आणि अभिनंदन म्हणाले. मी हात मिळवला.

दादा